मासिकातली वाकडी करंगळी

लंडनमधल्या एका नाटकघराबाहेर, स्वस्त तिकिटांच्या रांगेत उभ्या असलेल्या एमोस पेलोनं कान टवकारले. पुढच्या दोघी बहिणी मासिकातलं एक चित्र बघत होत्या. इथल्याच नाटकात राजा झालेल्या नटाचं ते चित्र छपाईच्या लाकडी ठशावर एमोसनंच कोरलं होतं.

"ताई, हा आपला जोएलच!"

"डॉर्कस, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! करंगळी बघ ना, कशी वाकडी आहे. गिरणीच्या दारात चेंगरली होती ती!"

"नाव तर भलतंच छापलंय."

"नाटकवाले नावं बदलतात गं!"

"आणि चित्रवाले मनाचं काढतात. सख्खा भाऊ, पण अकरा वर्षांत एक पत्र नाही त्याचं."

"बाबांनीच घराबाहेर काढलं, मग कुठल्या तोंडानं लिहील?"

एमोसला राहवलं नाही. "माफ करा, बाई. हा ठसा मी कोरलाय. करंगळी सरळ करू का, असं मी विचारलं होतं. या नटांनी स्वतः निरोप धाडला, 'आहे तशीच ठेवा. घरचं कुणी बघेल.'"

थोरलीनं मासिक छातीशी घट्ट धरलं.

"नट आत कुठून जातात हो?"

"मागच्या गल्लीतून. आता येतीलच. पण बाई, दुपारपासून उभ्या आहात, रांगेतली जागा जाईल!"

"चुलीत घाला ती जागा! डॉर्कस, बघत काय राहिलीस? पळ!"