ट्रेलरवर कुणाचं नाव

—हसा, हसा, हसण्यासाठीच ही धंद्याची नावं वाचून दाखवतोय. 'काठोकाठ' – हे कर्स्टीचं. बायकोनं सुचवलंय म्हणून यादीत पहिलं, दुसरं काही कारण नाही. लॉनची कड मी अगदी पायवाटेला चिकटून मारतो ना, म्हणून काठोकाठ. मी म्हटलं, अगं, हे पबचं नाव वाटतं. तर म्हणे, मग वाईट काय, पब चालतात. 'शनिवार मोकळा' – हे मेव्हण्याचं. म्हणजे आम्ही येऊन गवत कापणार आणि तुम्ही क्रिकेट बघत लोळायचं. आणि हे खालचं, 'हिरवा पट्टा' – हे पाटीवाल्यानं सुचवलंय. ट्रेलरच्या अंगावर पट्टे मारतो म्हणाला, एक फिका, एक गडद, मशीन फिरवल्यावर दिसतात तसे. फुकट मारतो म्हणाला. मी म्हटलं, नको. का, छान दिसेल की! मी म्हटलं, पट्टे नकोत, बास. – असंच. नाही आवडत मला पट्टे.

शुक्रवारी पाटीवाल्याला नाव द्यायचंय. ट्रेलर त्याच्याच दारात उभाय, पांढराशुभ्र. मशीन आलंय, कडा मारायचं यंत्र आलंय, पानं उडवायचा पंखा आलाय, अकरा घरं तोंडी ठरलीयत – डॉक्टरीणबाई, त्या दोघी निवृत्त मास्तरणी, पुलापलीकडचा तो दाढीवाला. सगळं आहे, नाव तेवढं नाही. आणि क्लबचं म्हणाल तर तिथे माझं काय राहिलंय आता? कार्पेट टाकलं की त्यांनी. गेलात का बघायला? – नाही, तुम्ही कशाला जाल. प्लास्टिकचं गवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपले म्हातारे आता त्यावर लॉन बोल्सचे गोळे घरंगळवतात आणि म्हणतात, काय मस्त पळतो गोळा. पाणी नको, खत नको, कापणं नको, मग हा डेलही नको. बावीस वर्षं झाली होती मला त्या हिरवळीवर, क्लॅरी. वीस तुमच्या हाताखाली. आणि दोन – दोन तुमच्यानंतर.

तर खरं सांगू, कशासाठी आलोय ते? यादी वाचायला नाही आलो. एक नाव मी वाचलंच नाही, ते मागच्या बाजूला लिहिलंय. हे बघा. 'क्लॅरीची हिरवळ.' – थांबा, थांबा, आधी ऐका तर. या गावात मी कुणाच्याही फाटकाशी उभा राहिलो की पहिला प्रश्न काय येतो? – तू क्लॅरी हॉचिनच्या हाताखालचा ना रे? हो म्हटलं की काम मिळालं. लोक अजून सांगतात, क्लॅरी सकाळी अनवाणी हिरवळीवर फिरायचा आणि त्याच्या तळव्यांना कळायचं कुठे पाणी कमी पडलंय. तुम्ही मला किती वेळा बूट काढून चालवलंत! मला आपलं नुसतं गार लागायचं. तुम्ही म्हणायचात, डेल, तुझे पाय ठार बहिरे आहेत. – तुम्हाला काही करायला लागणार नाही. मशीनला हात लावायचा नाही, यायचं नाही, जायचं नाही. फक्त नाव. तुम्ही हो म्हणा, मी उद्या सकाळीच त्याला सांगतो.

नाही? का पण नाही?

असं नका म्हणू. नाही, असं म्हणायचंच नाही तुम्ही. ज्यानं चांगली जिवंत हिरवळ मारून टाकली त्याचं नाव लॉनच्या धंद्याला – कोण म्हणतंय असं? गावात कोणी म्हणत नाही. – बरं, म्हणतात. एखाददुसरा म्हणतो. पबमध्ये म्हणतात, क्लॅरीला शेजाऱ्याच्या अंगणात बोलवू नका, गुलाब मरतील. पण ते हसत म्हणतात हो. सत्तावीस वर्षं तुम्ही ती हिरवळ पोसली, आणि एका सकाळी एक चूक... लोकांना समजतं. चूक कुणाची होत नाही?

हाताची नाही, डोक्याची चूक? म्हणजे? – आत्ता पाणी आणायला आत गेलो ना, तेव्हा बघितलं मी ते. विचारणार नव्हतो. कपाटांवर कागद चिकटवलेत. चहा. साखर. कप. तुमच्या नोएलीनचं अक्षर ओळखलं मी. आणि शेगडीच्या वर – बंद केली का? मला वाटलं नातवंडांसाठी असेल, शाळेचं काहीतरी. ते तुमच्यासाठी आहे? केव्हापासून? – तेव्हापासून? म्हणजे दोन वर्षं? पण मला तर वाटत होतं, तुम्ही गाडी चालवणं सोडलंत ते गुडघ्यामुळे. गावात तसंच सांगितलंत ना तुम्ही. गुडघा, गुडघा. मी कर्स्टीलाही तेच सांगितलं. – आणि डॉक्टर काय म्हणाला? घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तारीख विचारली, पाच शब्द पाठ करून घेतले, आणि? – वयाच्या मानानं उत्तम. मग झालं तर! – डॉक्टरला काय कळतंय, असं कसं म्हणता? ज्याला हातातला डबा कुठला ते कळलं नाही, त्यानं नातवंडांना गाडीत बसवायचं नाही... अहो, पण क्लॅरी, तो डबा तुम्ही उचललाच नव्हता.

...काही नाही. असंच. तोंडातून गेलं.

बघू नका असे. – हो. म्हटलं मी. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत.

बसा. कृपा करून बसा. – गुरुवार होता. नोएलीनच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं वॉगाच्या हॉस्पिटलात, दुपारी बाराची वेळ दिलेली. तुम्ही क्लबच्या दारात गाडी आणलीत, उतरलात पण नाही, इंजिन चालू, त्या शेजारी डोळे मिटून बसलेल्या, आणि तुम्ही काच खाली करून ओरडलात – डेल, उद्याच्या फवारणीची टाकी भरून ठेव रे! एवढंच. आणि गेलात. तुम्हाला नाही आठवत. कसं आठवेल? तुमचा सगळा जीव त्यांच्या डोळ्यात अडकलेला. वीस वर्षांत तुम्ही कधी कोणाला ती टाकी भरू दिली नव्हतीत, कायम स्वतः भरायचात, म्हणून मागाहून तुम्हाला वाटलं, मीच भरली. मी शेडमध्ये गेलो. दोन डबे, दोन्ही पांढरे, चिठ्ठ्यांवरची अक्षरं उन्हानं उडून गेलेली. एक खताचा, एक कुंपणाकडचं तण मारायचा. तुम्ही झाकण उघडून वास घ्यायचात. मी नाही घेतला. मी फोनवर होतो. कशाबद्दल ते पण सांगतो – मासे. शनिवारी नदीवर जायचं होतं, आमिष कोण आणणार यावर वाद चाललेला. डबा उचलला, ओतला, पाणी भरलं, झाकण लावलं. आणि शुक्रवारी उजाडता उजाडता तुम्ही आलात, रात्रभर जागलेले, आणि ते सगळं आपल्या हातानं फवारलंत.

आठवड्यानं पट्टे दिसायला लागले. फवाऱ्याच्या रुंदीएवढे, पिवळे, एकाला एक लागून. इतके सरळ की – तुमचा हात सरळच चालायचा. जिल्ह्याची स्पर्धा बारा दिवसांवर. तुम्ही गुडघे टेकून बसलात आणि गवताची एक पाती उपटून दातात धरलीत. मी मागे उभा होतो. मला तेव्हाच कळलं होतं, क्लॅरी. तुम्हाला कळायच्या आधी.

आणि मग क्लबची ती बैठक. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे. अध्यक्षांनी विचारलं, टाकी कोणी भरली? तुम्ही म्हणालात, मीच भरली असणार. – 'भरली' नाही म्हणालात. 'असणार' म्हणालात. मी दाराशी होतो, तुमच्यापासून चार पावलांवर. तुम्ही एकदा वळून माझ्याकडे बघितलंतही. मला वाटलं, विचारताय. आता विचारणार. मी खाली बघितलं. मला वाटलं, यांना काय करतील? सत्तावीस वर्षं झालीयत, रागावतील आणि सोडून देतील. मला मात्र काढलं असतं, नक्की काढलं असतं, आणि कर्स्टीला सातवा महिना होता – नाही. ते कारण नाही. ते मी नंतर जुळवलंय, कधी सांगायची वेळ आली तर असावं म्हणून. घाबरलो. तेवढंच. मग तुम्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्यात, आणि सोमवारी त्यांनी त्याच किल्ल्या मला दिल्या. आणि तुम्ही जाताना मला काय सांगितलंत आठवतं? – डेल, त्या डब्यांवर रंगानं लिहून ठेव, परत कोणाचं असं व्हायला नको. मी लिहिलं. लाल रंगानं, मोठ्या अक्षरात.

शिव्या द्या. – दोन वर्षं मी रोज म्हणायचो, या रविवारी जातो. एकदा आलोही होतो, फाटकापर्यंत. तुम्ही खुर्चीत बसला होता, अंगणातल्या हिरवळीकडे पाठ करून. मला वाटलं, थकलेत, आराम करतायत, बरंच झालं म्हणायचं. सुटले त्या कामातून. असं वाटून घेता येतं माणसाला, क्लॅरी. अगदी सहज येतं. पण हे – हे कपाटावरचे कागद – हे मला माहीत नव्हतं. शपथ. मला वाटलं, तुमची नोकरी गेली माझ्यामुळे. नोकरी. तेवढंच गेलंय असं धरून मी जगत होतो.

म्हणून ते नाव. वाटलं, तुमचं नाव ट्रेलरवर घालून गावभर फिरवावं, प्रत्येक दारासमोर चकचकीत लॉन, आणि वर तुमचं नाव... – हो. बरोबर आहे. त्यानं तुमचं काय झालं असतं? काहीच नाही. माझं मन हलकं झालं असतं आणि तुम्ही इथे साखर कुठली ते वाचत बसला असता.

कागद हवाय? घ्या. ही पेन्सिल. – खोडा. बरोबर. अजून दाबून. – काय लिहिताय? माझं? आडनावासकट? 'डेल अटिंग, लॉन'. बस्स, एवढंच? पाटीवाला म्हणेल, हे काय नाव झालं. – फोन नंबर मोठा. बरं. ज्याच्या हातून बिघडलं त्याला लोकांना सरळ फोन करता यायला हवा. बरं. कळलं. तसंच लिहून घेतो.

निघू मी?

काय? – परत सांगू? टाकी मी भरली. – हो, पक्कं. तुम्ही नाही भरली. – परत? क्लॅरी, टाकी मी भरली, डबा मी उचलला, तुम्ही त्या दिवशी शेडमध्ये पाऊलही टाकलं नाहीत. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं झालं. – मोठ्यानं? मोठ्यानं कशाला, नोएलीन मागे दोरीवरचे कपडे काढतायत, त्यांना ऐकू जा—

बरं. बरं, सांगतो. टाकी मी भरली होती! क्लॅरीनं नाही! मी!

...येतायत त्या. हातात चादरी आहेत. क्लॅरी, तुम्हीच जरा त्यांना – नाही. बरोबर. मीच.

नोएलीन, आणा त्या चादरी इकडे, मी धरतो. बसा जरा. – नको? बरं. उभ्याच ऐका.