दातांची चेष्टा

अहो, कवळी दाखवतो, पण आधी तिचा किस्सा ऐका. रिटायर झालो तर ऑफिसच्या विम्यात दातांचा खर्च बसेना, म्हणून पूरक विम्याच्या एजंटला इकडे उत्तरेत, महानगर वस्तीतल्या माझ्या घरी बोलावलं. साताऱ्याहून आलेली माझी आक्का शेजारीच बसली होती.

एजंट म्हणाला, "अंकलजी, दांतों का खर्चा दिलाने की हम पूरी चेष्टा करेंगे."

आक्का उसळली, "मेरे भाऊ के दातों की चेष्टा? लाज नहीं वाटती? लिखके दो!"

घाबरून त्याने दुसरा प्लॅन काढला. त्यात कवळीचा खर्च चक्क छापलेला होता! तिथेच सही ठोकली.

कवळी बसल्यावर आक्काला समजावलं, "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

"ठाऊक आहे रे. पण नुसत्या प्रयत्नाने चकली चावते का?"