येल्का म्हणायचं कुणाला

...म्हणजे तिकडे अक्रोड भरलेली गोड पोटित्सा कापून ठेवलीय, चहा निवतोय, आणि तुम्ही बंबवाले खुर्च्या ओढून माझ्याकडे बघत बसलाय, 'फेलिक्सकाका, ती रोपांची गंमत सांगा.' गंमत कसली डोंबलाची? माझ्या घरामागचा उतार आहे तो. किड्यानं वरचं जंगल खाल्लं, तेव्हापासून पाऊस लागला की मी कानोसा घेत बसतो, माती दारात आली की काय. आणि उसासा टाकायचीही सोय नाही.

का नाही, तेच सांगतो. माझी पुतणी नेझा, ती खाली रोपवाटिकेत काचेच्या पेट्या मांडून बसते. पेटीत आपल्या जंगलातल्या दोन सूचिपर्णी जातींची रोपं, आणि नळीनं आत सोडते उद्याची हवा. उद्याची हवा म्हणजे काय, तर धुराड्यातून, मोटारीतून, तुमच्या-माझ्या नाकातून जो वायू निघतो तोच, जरा जास्त. मी म्हटलं, 'अगं, गुदमरतील ती.' तर म्हणते, 'उलट माजतात, काका. एकेकटी ठेवली तर दोन्ही जातींचं बरं चालतं. शेजारी लावली की एक भराभर वाढते आणि दुसरीचं ऊन खाऊन टाकते.' म्हणजे मी उतारावर उभा राहून उसासा टाकला, की तो गेला त्या दांडगीच्या पोटात. काळजी करायची तीसुद्धा श्वास धरून...

आता त्या उतारावर दोन्ही जाती, स्म्रेका आणि होया, आपोआप उगवलेल्या, एकमेकींना कोपरं मारत. माती धरणार कोण? नेझाला फोन केला. ती घाईत. 'काका, येल्का ठेवा, तिची मुळं खोल जातात. तिच्या अंगावर येणारी दुसरी उपटून टाका.' ठेवला फोन.

येल्का. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे येल्का कुणाला म्हणतात? नववर्षाला घरात आणून दिवे लावतो तिला. असते ती स्म्रेका, पण दिवे लागले की झाली येल्का. आणि पुस्तकात जिला येल्का म्हणतात, तिला आपण म्हणतो होया. पुस्तक इथं वाचतंय कोण? तरी मी बायकोला विचारलं, विचारलं नाही असं नाही. 'श्तेफ्का, येल्का म्हणजे नक्की कुठली गं?' ती कणीक मळत होती, मानसुद्धा वर केली नाही. 'जन्मभर तिच्यावर दिवे लावलेस आणि आता मला विचारतोस? जा, उपट त्या होया. आणि ते बूट बाहेर काढ.'

उपटल्या. कंबर गेली. एकेकीचं मूळ सुटता सुटेना, मी आपला म्हणतोय, काय चिवट बया आहे...

वसंतात नेझा आली. 'काका, येल्का कुठंय?'

'ही काय समोर.'

'ही स्म्रेका आहे.'

'दिवे लावून बघ.'

हसली नाही हो ती. हसली असती तर मला झोप तरी लागली असती. म्हणाली, 'हिची मुळं वरवरची, काका. आणि तुम्ही हिच्यापुढचं सगळं मैदान मोकळं करून दिलंत. आता ही माजणार, कोरड्या उन्हाळ्यात किडा लागणार, आणि मग उतार...' पुढचं बोललीच नाही. पुढचं मी रोज माझं मीच बोलतो. उसासा न टाकता.

आणि श्तेफ्का मागे उभी. म्हणते, 'मी कधी म्हटलं?'

आता स्म्रेका विरळ केल्यात, होया परत लावल्यात, बोटाएवढ्या. हरणांनी शेंडे खाऊ नयेत म्हणून एकेकीला मेंढीची लोकर बांधायची, म्हातारा-म्हातारी गुडघ्यांवर. माती धरण्याइतक्या कधी होणार? आम्ही दोघं मातीत गेल्यावर. तोवर पाऊस आला की मी दाराशी, आणि ही रेडिओ मोठा करते.

नेझानं माफी मागितली, 'होया म्हणायला हवं होतं मी, काका.' उतार अजून जागेवर आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. राहिलं एकच माणूस. ते बघा, पोटित्सा वाटत फिरतंय, आणि मला नेहमीसारखा कडेचा, अक्रोड नसलेला तुकडा... श्तेफ्का.