सुमनताईंच्या साड्यांचे फोटो

आमच्या सुमनताईंना कमी समजू नका हं! डिंडोलीत घरबसल्या साड्यांना खडे चिकटवतात आणि परत देण्याआधी प्रत्येक साडीचा फोटो काढतात, कारण काम देणारा शेठ नेहमी म्हणतो, डाग तुमच्याच घरी पडला.

मोबाइल भरला म्हणून त्या माझ्या मोबाइलच्या दुकानात आल्या.

"जुने फोटो उडवू?" मी विचारलं.

"एकही नाही!"

मग बाकीचा कचरा काढून जागा केली आणि सगळ्या फोटोंची वेगळी कॉपी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर ठेवली; नवे फोटोही आपोआप तिथे जातील आणि लेकीच्या मोबाइलवरही दिसतील अशी.

परवा शेठशी पुन्हा डागावरून वाजलं. ताईंनी फोटो दाखवला, तर शेठने मोबाइल हिसकावून सगळे उडवले. मोबाइल काय त्याच्या बापाचा?

"अब बोलो!" म्हणाला.

ताईंनी सोबत आलेल्या लेकीचा मोबाइल घेतला आणि तोच फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"घ्या शेठ, हाही उडवा. दमलात की सांगा."