काहीही मोडो, सहा महिने

…आणि वॉरंटी द्यायची अवदसा मला आठवली कुठून, हेच कळत नाही! तुम्हाला सांगतो, पिनबॉल मशीन म्हणजे काय, तर काचेखाली लोखंडी गोळी धावते, आपण बटणं दाबून तिला वर हाकलायचं, खाली गेली की डाव गेला, संपलं. गेली वीस वर्षं मी जुनी मशिनं दुरुस्त करून विकतोय, पण 'विकलं ते विकलं' याच्यापुढे कधी बोललो नाही. पण आमची ही! 'अहो, समोरचा दुकानदार वॉरंटी देतो, तुम्हाला काय धाड भरलीय?' झालं, छापली कार्डं! सहा महिने, काहीही मोडो, घरी येऊन फुकट दुरुस्ती. आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? ग्रंथपाल! दिवसभर लोकांना 'श्श' करणारा, बोलतो तेही कुजबुजत. म्हटलं, किती सज्जन माणूस!

चौथ्या दिवशी फोन. 'काच फुटली.' कशानं हो? 'बुक्कीनं. गोळी खाली गेली ना… वॉरंटी म्हणजे वॉरंटी.' आठवड्यानं लाथ घालून मशीनचं पुढचं दार आत! 'वॉरंटी म्हणजे वॉरंटी.' मग मशीनच्या माथ्यावरचा दिव्यांचा फलक डोक्यानं फोडला, हो, स्वतःच्या! कपाळातून रक्त ठिबकतंय आणि कानात कुजबुजतो, 'आधी मशीन बघा.'

आता या मशीनच्या पोटात एक लंबक असतो. जास्त हलवलं की तो कडीला टेकतो आणि खेळ बंद. हा म्हणाला, 'जरा हात लावला की रुसतं. दुरुस्त करा.' अहो, तो बिघाड नाही, ते… तेवढ्यात गचांडी धरून त्यानं मला अधांतरी उचललं! आयुष्यभर पुस्तकांचे गठ्ठे उचललेले हात ते! म्हटलं, काढतो, काढतो! काढला लंबक. तिथंच चुकलो… आता त्याला थांबवणारं त्या घरात काही उरलंच नाही ना! पुढचीच गोळी खाली गेली, त्यानं मशीनची पुढची बाजू छातीपर्यंत उचलली आणि दाणकन आपटली. कुठे? माझ्या पायावर! काड्कन दोन आवाज झाले. एक मशीनचा पाय, एक माझा.

मी बोंबललो, तर म्हणतो, 'श्श!' आणि कार्ड पुढे करतो, 'पाय मोडलाय. वॉरंटी म्हणजे वॉरंटी.' खोटं नाही सांगत, लोळत लोळत आधी मशीनचा पाय बसवला मी!

मग त्यानंच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. प्लास्टर झालं. कण्हत विचारलं, 'डॉक्टर, पुन्हा मोडला तर? वॉरंटी आहे ना?'

'वॉरंटी? आम्ही काय वेडे आहोत?'

जाऊ द्या… शिकलेला माणूस हो तो डॉक्टर!