बापाच्या चंचीची मुभा

राम राम मंडळी. बसा, बसा. दहाव्याले एवढं गाव येईन असं वाटलं नव्हतं. मले बोलता येत नाही. आमच्या दुकानात बोलाचं काम माझ्या बायकोचं, भागीरथीचं. मी नुसता तंबाखू तोलत होतो. बोलणारी गेली अन् आज तोलणारा तुमच्यापुढं उभा आहे. सांभाळून घ्या.

सात समुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली अन् आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारातून बडनेऱ्याच्या रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या. बाप गाडीपाशी, माय वेचणीले, अन् लेकरं दिवसभर कापसाच्या ढिगात. तिथंच ते चिलीम शिकले. कोणी शिकवलं? आपणच. 'जाय बाबू, चिलीम भरून आण.' लेकरानं तंबाखू आणाची, वर विस्तव ठेवाचा, दोन झुरके मारून पेटती चिलीम बापाच्या हाती द्याची. अन् आपण म्हणाचं, पोरगं मोठं गुणी आहे.

भागी चिडे. म्हणे, 'हा कसला गुण? पोट्टे खोकलून राहिले.' पंचांकडं गेली. लेकरांले तंबाखू विकणं बंद करा, म्हणाली. पंचांनी ऐकलं, खोटं काहून बोलू? पण कापसासाठी ऐकलं. ठिणगी पडली त माल जाईन, म्हणून. दवंडी पिटली, लहान लेकराले तंबाखू देऊ नये. अन् त्याच दवंडीत पुढं, मात्र लेकरू बापाची तंबाखूची चंची घेऊन आलं, त द्यावी.

भागी त्याच पावली परत गेली. म्हणे, 'दादा, हे त दार लावून खिडकी उघडी ठेवली तुमी. चंची कोणत्या घरात नाही? बापाले तलफ आली त बापानं यावं. त्याचे पाय का मोडले?' सारे हसले. एक जण बोलला, पोटी पोर नाही, म्हणून हिले दुसऱ्याच्या पोरांचा पुळका. तो आज इथं बसला आहे. नाव घेत नाही. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

तवापासून चंची घेऊन आलेलं लेकरू आमच्या दुकानातून रिकामं परत जाय. पण बाजारात दुकान का एकच असते?

आग लागली त्या दिवशी किसनरावांची मथी आली. एवढीशी पोट्टी. भागीनं चंची तिच्या हातात परत दिली, म्हणे, 'माय, बापाले पाठव.' मथी पुढच्या दुकानात गेली. तिथं मिळाली. दवंडीत बसतच होतं ते. चिलीम पेटवून बापाकडं निघाली, खोकल्याची उबळ आली, अन् विस्तव कापसात सांडला.

मंडळी, तुमी कापसाकडं धावले. भागी पोरीकडं धावली. पोरीले बाहेर ढकललं, अन् जळता ढीग तिच्या अंगावर आला. तुमी पाणी कापसावर टाकून राहिले होते. मी पोचलो, मी पाहिलं ते.

केळीच्या पानावर निजवलं तिले. एकच विचारत राहिली, 'पोट्टी बरी आहे ना?' बरी आहे, म्हटलं. 'मंग पंचांले जाऊन सांगा, आता ती खिडकी लावा.' एवढंच. माझ्यासाठी काहीच बोलली नाही. थोडा राग आहे मले तिचा. काय करू?

किसनराव, मान वर करा. चिलीम तुमची होती, पण रीत साऱ्यांची होती. मथीले मारू नका. तिले त तुमी सांगितलं तेच तिनं केलं.

पंचहो, ती मुभा आज काढा. अन् कापसासाठी नाही, लेकरांसाठी काढली, असं दवंडीत सांगा. तुमी हो म्हणसान. तुमचे चेहरे दिसून राहिले मले. पण मंडळी, हे ऐकून मी घरी जाईन, त सांगू कोणाले?

आता उभे राहा. ज्याच्यापाशी लेकरू असन, त्यानं त्याले जवळ घ्यावं.

भागे, राम राम घे माझा.