थोडं घेतंय

— न्हाई न्हाई, उठू नको एलिया, तुझं चालू दे. ते सायकलचं चाक खाली ठिवू नको, मी काय पाव्हना हाय व्हय. हितंच पायरीवर टेकतो. दयावैनी, चहाचं काढू नका बरं का — आत गेल्या वाटतं. बरं. सावली चांगली हाय तुझ्या दारात. मी म्हनलं, मळ्यावर जायच्या आदी एलियाला एक वस्तू दाखवून जावी. दुसरं काय न्हाई, टायर हाय. डिकीतनं आनतो, थांब — हे बघ. पुढचं, डाव्या अंगाचं. बाहीरची नक्षी बघ कशी कोरी, नख रुततंय. आन् आता आतल्या कडंनं हात फिरव. फिरव की. गुळगुळीत, मामाच्या टकलावानी. दसऱ्याला नवं घातलं हुतं ह्ये, आन् अजून होळी न्हाई आली.

तुला मी काय सांगायचं, तू त्याच अँबॅसडरवर काय थोडे दिस काढलेस? मी तवा काकासाहेबांचा ट्रॅक्टर हाकायचो, गाडीत कवामवा तुझ्या शेजारी बसायचो. तू म्हनायचास, मच्छिंद्र, गाडी डावीकडं घेती, हात सैल सोडला की सडकंच्या कडंच्या चारीकडं तोंड करती. काकासाहेबांनाबी सांगितलंस — चाकाची लाईन गेलीय, केडगावला नेऊन अलायमेंट करून घेऊ. तर ते काय म्हनले? नाचता येईना अंगन वाकडं. माझ्यासमोर म्हनले. मी हसलोबी हुतो. हसायला काय जातंय, मालक हसले की मानूस हसतो.

तर आज केडगावला गेल्तो. मिस्त्रीनं मागच्या चाकापासनं पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, आन् म्हनला, वाकून बघ. बघतो तर डावं चाक बाहीर तोंड करून उभं, जत्रंत रुसलेल्या पोरावानी. म्हनला, ही काय आजकालची गोष्ट न्हाई, कवातरी दगडाचा मार बसून दांडी वाकलीय, तवापासनं टायर आतनं घासत चाललंय. दांडी सरळ केली, पिळून बसवली. येताना मी नगरच्या सडकंला दोन्ही हात सोडून बघितले — गाडी सुतात. लई बरं वाटलं रं. आन् राहुरीच्या अलीकडं आलो आन् डोस्क्यात वीज पडली. गाडी सरळ झाली म्हंजे आता काकासाहेब बसून बघतील, म्हनतील, कुठं घेती? गाडी तर चांगली हाय. मंग टायर खाल्लं कुनी? मीच. पुरावा मीच पिळून घालवून आलो की! एवढं एक टायर तेवढं ऱ्हायलं.

आता तुला वाटंल, एवढं काय झालं. काल काय झालं माहितीय? काकासाहेबांनी ह्येच टायर बघितलं. मला जवळ बोलावलं. खळ्यावर बाया कांदे निवडत हुत्या. सगळ्यांच्या देखत मला म्हनले, मच्छिंद्र, तोंड उघड, हा कर. मला! गळ्यात माळ हाय माझ्या, एलिया. बापानं घातलेली. मी हा केला. काय करनार? त्यांनी नाक जवळ आनलं. बाया खाली मान घालून हसत हुत्या. म्हनले, तूबी सुरू केलंस काय, त्या एलियावानी? रातभर पानी गोड लागलं न्हाई मला.

म्हनून म्हनलं तुझ्याकडं यावं. तू नुसता संगं चल. एवढंच म्हन, की काकासाहेब, माझ्या येळंलाबी ही गाडी डावीकडं घ्यायची. खरंच हाय की ते. तुझंबी नाव धुऊन निघंल, माझंबी. दोघांचं काम एका दमात. — व्हय, मला कळतंय, आदी यायला पायजे हुतं. मी तुला खडीवर बघितलं ना. दुष्काळी कामावर, वांबोरीच्या सडकंला. मी गाडीत हुतो, तू हातोडा घेऊन उकिडवा. मी हॉर्न न्हाई वाजवला. म्हनलं, उगं त्याला लाजल्यावानी हुईल. — तुला व्हय. मला कशाला लाज वाटंल? बरं, मलाबी वाटली. आन् ते तुमच्या चर्चच्या मंडळीतलं तबल्याचं कळलं. पाळकांनी तबला दुसऱ्याकडं दिला म्हनं, पिनाऱ्याचा हात भजनाला नको म्हनून. थेंबाला न्हाई रं तू कधी शिवलास. मला म्हाईत न्हाई का? लग्नाच्या वरातीत समदे झिंगलेले आन् तू सोड्याची बाटली घेऊन बसलेला. मला लई लागलं ते ऐकून.

काय म्हनलास? मी तवा का बोललो न्हाई? बोललो की. मीच तर बोललो. त्या दिशी शिंगणापूरला चाललो हुतो ना, अमावस्या हुती, काकासाहेब आन् मालकीनबाई माघं, तेलाचा डबा माझ्या मांडीवर. गाडी एकदम डावीकडं गेली आन् बाभळीला टेकली. तू उतरून चाकाखाली दगड लावत हुतास. काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं, म्हनले, घेतंय का रं? मी म्हनलं, थोडं घेतंय डावीकडं. गाडीचं म्हनलं मी! स्टेरिंग! त्यांनी भलतंच धरलं, त्याला मी काय करू? त्यांच्या मनात आदीच हुतं, किरिस्ताव म्हनल्यावर घेतच आसंल. शब्द एकच, कानाचा दोष.

तसं "डावीकडं" मी जरा हळू म्हनलो आसंन. वारं हुतं. बाई माघनं देवाचं नाव घेत हुत्या. ऐकू गेलं नसंल. आन् मालकाला पुन्हा पुन्हा कोन सांगतंय, त्यांचं तोंड आसं लाल झालेलं. त्यात संध्याकाळीच म्हनले, उद्यापासनं गाडी तू घे मच्छिंद्र, तू माळकरी मानूस. आता पोटाला गाडी मिळाली तर मानूस न्हाई म्हनंल का? तूच सांग. मी म्हनलं, एलियाला दुसरीकडं लागंल काम, हुशार ड्रायव्हर हाय. मला काय म्हाईत, ते गावभर सांगतील. तू त्या दगडावरनं आमच्याकडं बघत हुतास, मला वाटलं तुला ऐकू आलं. रोज वाटायचं. मी तर म्हनलं बी मनात, काकासाहेब, आसा अंगठा तोंडाकडं करून कशाला इचारता, सरळ —

हातातलं चाक का थांबवलंस?

काय? कुठला अंगठा? — मी अंगठ्याचं बोललो व्हय आत्ता?

बोललो वाटतं.

वैनी, तुमी दारात कवा आलासा. — व्हय. केला हुता त्यांनी अंगठा. आसा. मंगच म्हनले, घेतंय का. आन् मला कळलं हुतं. त्याच टायमाला कळलं हुतं, गाडीचं न्हाई इचारत म्हनून. "डावीकडं" मी म्हनलोच न्हाई. ते घरी येऊन बायकोला सांगताना जोडलं, मंग रोज म्हनून म्हनून मलाच खरं वाटाया लागलं. शनीच्या वाटंवर बोललो रं, जिथं लोक घराला दार लावत न्हाईत. एलिया, शिव्या दे पायजे तर. वैनी, तुमी तरी द्या.

— येतो म्हनतोस? खरंच? देव तुझं — हां, बोल. ऐकतोय. तू काय बी बोलनार न्हाईस. बरं. मंग? मी. मीच सांगायचं. बायांसमोर. कसं इचारलं आन् कसं सांगितलं. अंगठ्यासकट?

अंगठ्यासकट.

वैनी, चहा ऱ्हाऊ द्या. एलिया, ते टायर घे बाबा, माझ्यानं उचलंना. आन् ही चावी. तूच चालव. सरळ जाती आता, हात सोडलास तरी मळ्याच्या दारातच जाऊन उभी ऱ्हाईल. मला वाटंत काय इचारू नको.